अधांतरी ठराव

शेजवलकर ठराव वाचत होते तेव्हा वाघचौरे पेन्सिलीला टोक काढत होते.

महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी दुपारी एका मुलींच्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग आम्हाला मिळायचा. आमच्यातल्या रंगनाथनची बायको त्या शाळेत गणित शिकवायची, तिच्या शब्दावर. बसायला मुलींची बुटकी स्टुलं. पन्नाशीकडे झुकलेली माणसं त्यांवर बसली की गुडघे पार छातीशी यायचे. मुली टोक मोडलेल्या पेन्सिली फळ्याखालच्या डब्यात टाकून जायच्या. वाघचौरे दर बैठकीला तो डबा पुढ्यात ओढायचे आणि खिशातलं अर्धं ब्लेड काढून एकेका पेन्सिलीला टोक काढत ऐकत बसायचे. त्या शाळेतल्या मुलींना आपल्या पेन्सिली सोमवारी कोण नीट करून ठेवतं हे कधी कळलं नसावं.

"ज्या सदस्याच्या साइटवर मेनफ्रेम चालू स्थितीत नाही," शेजवलकर वाचत होते, "त्याचं सदस्यत्व या ठरावाच्या क्षणापासून संपेल, आणि त्यानं केलेल्या मागण्याही रद्द होतील."

ठरावात कुणाचं नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. वाघचौरे पंप बनवणाऱ्या कंपनीत होते आणि तिथलं मशीन आदल्या दिवाळीत बंद करून भंगारात गेलं होतं. त्यांनी स्वतःच आम्हाला ते सांगितलं होतं, घरातलं कुणी गेल्याचं सांगावं तसं, उभं राहून.

आमचा ग्रुप कसला, हे इथंच सांगून टाकते. मेनफ्रेम म्हणजे गोदरेजच्या कपाटांच्या रांगेएवढा संगणक. बँका, विमा कंपन्या, मोठे कारखाने अशांकडे तो असायचा. त्याच्यावर मेरिडॉन नावाचं सॉफ्टवेअर चालायचं. एकाच वेळी शेकडो कारकुनांनी शेकडो व्यवहार केले तरी एकातलं दुसऱ्यात मिसळू नये, हे बघणं त्याचं काम. पुण्यात मेरिडॉन वापरणारी आम्ही आठ-दहा माणसं होतो. एकमेकांच्या अडचणी सोडवायच्या, आणि जे सुटणार नाही त्याची मागणी परदेशातल्या मेरिडॉन कंपनीकडे पाठवायची, यासाठी आमचा युजर ग्रुप. मी एका सहकारी बँकेत होते आणि ग्रुपची सचिव होते. सचिव म्हणजे चहा सांगणारी आणि इतिवृत्त लिहिणारी.

आमचे अध्यक्ष खांबेटे. विमा कंपनीतले, उंच, कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बोलणं इतकं मोजकं की फोनवर लाइन कट झाली असं वाटावं. ग्रुपचे निर्णय कसे व्हायचे ते त्यांनी ठरवलं होतं, आणि ते त्यांनी मेरिडॉनकडूनच उचललं होतं. समजा एका गोदामातून पंप निघाला आणि दुसऱ्या गोदामात जमा व्हायचा आहे. एकीकडे वजा झाला आणि दुसरीकडे जमा झालाच नाही, तर पंप कागदोपत्री हवेत राहतो. म्हणून मेरिडॉन आधी सगळ्या गोदामांना विचारतं, तयार? ज्यानं तयार म्हटलं, त्यानं आपली जागा अडवून धरायची आणि गप्प बसायचं. सगळे तयार असले तर मेरिडॉन म्हणतं, पक्कं. एकजण जरी नाही म्हणाला, तर म्हणतं, मागे. मग काही घडलंच नव्हतं असं सगळं पूर्वीसारखं होतं.

आम्हीही तसंच करायचो. खांबेटे एकेकाकडे बघून विचारायचे, "तयार?" एकाचं नाही आलं की ठराव मागे. मागे गेलेल्या ठरावाची नोंदसुद्धा मी करायची नाही, कारण तो मांडलाच गेला नव्हता. सगळे तयार असले तर खांबेट्यांनी फक्त पक्कं म्हणायचं. त्यांना स्वतःचं मत नव्हतं. सगळे तयार असताना मागे म्हणायचा अधिकारही नव्हता. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटायचा. आम्हाला लोकसभेचं कामकाज पोरखेळ वाटायचं.

त्या दिवशी बाहेरचा एक माणूस हजर होता. मेरिडॉन कंपनीचा प्रतिनिधी. टाय लावलेला, नवा, मुंबईहून आलेला. बुटक्या स्टुलावर बसायला त्यानं नकार दिला आणि चित्रकलेच्या बाईंच्या खुर्चीत बसला. बंद साइटवाले ग्रुपात ठेवले तर ग्रुपची मान्यता काढू, हे त्यानंच महिन्याभरापूर्वी कळवलं होतं. आता कोण काय म्हणतंय ते तो डायरीत टिपत होता.

त्यामुळे आमच्यापैकी कुणाला नाही म्हणणं शक्य नव्हतं. ज्याची साइट चालू, त्याला उद्या मशीन अडलं की याच माणसाला फोन करावा लागणार. स्वतः शेजवलकरही, ठराव त्यांनी लिहिला असला तरी, आदल्या संध्याकाळी मला फोनवर म्हणाले होते, "मांडावा तर लागणार बेहेरेबाई. पण काळजी करू नका, एका नाहीचं तर काम आहे."

ते एक नाही कुणाचं, हे ते बोलले नाहीत. आधी संगनमत करून यायचं नाही असा आमचा नियम होता आणि शेजवलकर नियमाच्या बाबतीत कडवे होते. स्वतःच्या मुलाच्या मुंजीत त्यांनी भटजींना थांबवून पोथी तपासली होती. पण ज्याच्याकडे मशीनच नाही त्याचं ही कंपनी काय वाकडं करणार? वाघचौरेंनी नाही म्हणायचं, ठराव मागे जाणार, प्रतिनिधी डायरी मिटून मुंबईला जाणार. हे मला न सांगता कळलं होतं. रंगनाथनलाही कळलं होतं. वर्गातल्या सगळ्यांनाच कळलं होतं.

"शेजवलकर?" खांबेट्यांनी विचारलं.

"तयार."

"रंगनाथन?"

"तयार," रंगनाथन म्हणाला, आणि वाघचौरेंकडे बघून जरासा हसला.

"बेहेरेबाई?"

"तयार."

असं फिरत फिरत ते शेवटच्या स्टुलापाशी आले.

"वाघचौरे?"

वाघचौरेंनी हातातली पेन्सिल डोळ्यांसमोर धरून टोक पाहिलं, डब्यात ठेवली, पँटीवर पडलेला भुसा झटकला.

"तयार," ते म्हणाले.

शेजवलकरांच्या हातातला कागद खाली आला.

"वाघचौरे," रंगनाथन म्हणाला, "ठराव तुम्ही ऐकलात ना?"

"ऐकला की."

"तुमचं सदस्यत्व जाईल."

"तसंच लिहिलंय."

"मग तुम्हाला चालेल हे?"

"नाही चालणार," वाघचौरे म्हणाले. "मला नकोच आहे. पण सरांनी नको का हवं असं कुठं विचारलं? तयार का, असं विचारलं. माझ्याकडं मशीन नाही. तयार नाही म्हणायला माझ्याकडं काही कारण नाही." मग, आपणच जास्त बोललो असं वाटून, "हवं असणं निराळं आणि तयार असणं निराळं. आपण पोरांना शिकवतो ते हेच ना."

ते खरंच शिकवायचे. माझ्या बँकेतल्या नव्या मुलांना मी त्यांच्याकडेच पाठवायचे.

आता खांबेट्यांनी पक्कं म्हणायचं एवढंच बाकी होतं. आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. खरं तर आम्ही त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, पण बुटक्या स्टुलावरून नजर वर केली की तेच दिसायचे. वाघचौरेंची एक मागणी गेली कित्येक वर्षं कंपनीकडे पडून होती. सदस्य गेला की मागणीही जाणार. त्यांच्या कारखान्यात व्यवहार मध्येच अडकला की कारकुनाचा पडदा नुसता गोठून जायचा. ना हो, ना नाही. बिचारा कारकून बटणं बडवत बसायचा आणि शेवटी रडकुंडीला यायचा. वाघचौरेंचं म्हणणं इतकंच, की अशा वेळी पडद्यावर एक ओळ यावी: काम चालू आहे, थांबा. कंपनीचं उत्तर दर वर्षी एकच यायचं, मागणी विचाराधीन आहे. ते उत्तर ते घडी घालून पाकिटात ठेवायचे.

खांबेट्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चहा आला असेल," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

प्रतिनिधीनं मला विचारलं, "म्हणजे झालं का पास?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"पण सगळे हो म्हणाले."

"सगळे तयार म्हणाले. अध्यक्षांनी पक्कं म्हटलं की पास."

"मग ते कधी म्हणणार?"

याला आमच्या नियमात उत्तर नव्हतं. मेरिडॉनमध्येही कधीकधी असं होतं. सगळे तयार म्हणतात आणि विचारणाराच गप्प होतो. मग तयार म्हणणाऱ्यांना पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. जागा अडवून बसून राहायचं. इंग्रजीत त्याला काहीतरी नाव आहे, आम्ही अधांतरी म्हणायचो.

व्हरांड्यात चहा घेताना वाघचौरे नेहमीसारखे बोलत होते. मुलगा संगमनेरला घर बांधतोय, खालची खोली आईबापांसाठी काढलीय म्हणतो, असं ते रंगनाथनला सांगत होते.

"मग काय, जाणार तिकडे?"

"बघू. इथलं उत्तर आलं की."

रंगनाथन हसला. मीही हसले. खांबेटे कठड्यापाशी उभं राहून बशीतून चहा पीत होते. ते आत आले, पुढचा विषय घेतला, आणि बैठक संपली तरी पक्कं म्हणाले नाहीत.

आठवडा गेला आणि प्रतिनिधीचे मला बँकेत फोन सुरू झाले. ठरावाचं काय झालं ते लेखी द्या. चौथ्या का पाचव्या फोननंतर मी वैतागून खांबेट्यांच्या ऑफिसात गेले. कॅम्पातली जुनी दगडी इमारत. तोवर कधी तिथं जायची वेळ आली नव्हती, सगळं शनिवारीच व्हायचं. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "साहेब मशीन रूममधी आहेत."

मशीन रूमचं दार ढकललं. आमच्या मशीन रूममध्ये असते तशीच उचललेली पोकळ जमीन, तसाच गारठा, एसी अजून चालू. मधोमध टेबल टेनिसचं टेबल होतं. खांबेटे पूर्ण बाह्यांच्या शर्टात, टेबलाची एक बाजू भिंतीसारखी उभी करून, एकटेच खेळत होते. चेंडू खाली पडला की पोकळ जमिनीवर टॉक टॉक आवाज यायचा.

मी मशीन शोधत सगळीकडे पाहिलं. त्यांनी मला शोधू दिलं.

"कधी गेलं?" मी विचारलं.

"तुम्ही सचिव झालात त्याच्या आधी."

"म्हणजे वाघचौरेंच्याही आधी."

"बरंच."

"आणि इतकी वर्षं तुम्ही अध्यक्ष."

"मला कुणी विचारलं नाही," खांबेटे म्हणाले. "वाघचौरेंनासुद्धा कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं. तो त्यांचा स्वभाव आहे."

मी तिथल्या एका रिकाम्या रॅकवर टेकले. त्यांनी बॅट खाली ठेवली आणि मला समजावून सांगायला लागले. नव्या माणसाला मेरिडॉन समजावताना यायचा तोच आवाज.

"ठराव काय म्हणतो? ज्याच्याकडे मशीन नाही, त्याचं सदस्यत्व ठरावाच्या क्षणापासून संपेल. मी पक्कं म्हटलं की त्या क्षणी माझं सदस्यत्व संपलं. मग मी अध्यक्ष नाही. अध्यक्ष नसलेल्या माणसानं म्हटलेलं पक्कं चालत नाही. म्हणजे ठराव पक्का झालाच नाही. म्हणजे मी सदस्य आहे, अध्यक्ष आहे, आणि मला पक्कं म्हणायला पाहिजे. म्हटलं की पुन्हा तेच."

"मग मागे म्हणा."

"सगळे तयार असताना? तो अधिकार मला नाही. नियम मीच केलाय."

"म्हणून तुम्ही गप्प बसलात."

"गप्प बसण्याला नियमात मुदत नाही."

त्यांनी चेंडू उचलून खिशात टाकला.

"हे नियमातलं कारण झालं," मी म्हणाले. "नियमाबाहेरचं काय?"

"बेहेरेबाई," ते म्हणाले, "तो माणूस स्वतःला काढायच्या ठरावाला तयार म्हणाला. सगळ्या पुण्यात मेरिडॉन कळलेला तो एकटा आहे. आणि त्यालाच काढायला मी पक्कं म्हणू?"

त्या दिवशी त्यांनी मला प्रतिनिधीसाठी उत्तर सांगितलं. ते मी जसंच्या तसं पाठवलं: ठराव सदस्यांसमोर ठेवण्यात आला. सर्व सदस्य तयार आहेत. निर्णय विचाराधीन आहे. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मुंबईहून कळलं की मुख्य कार्यालयाचं समाधान झालं. विचाराधीन हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. टायवाल्या प्रतिनिधीची पुढं चेन्नईला बदली झाली आणि त्याच्या जागी आलेल्याला पुण्यात ग्रुप आहे हेच माहीत नव्हतं.

पुढच्या तिसऱ्या शनिवारी बैठक सुरू झाली तशी मी विषयपत्रिका वाचली. पहिला विषय, मागील प्रलंबित ठराव. खांबेट्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि वाघचौरेंवर आणून थांबवली.

"काम चालू आहे," ते म्हणाले, "थांबा."

वाघचौरेंनी ब्लेड थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. कंपनीनं इतक्या वर्षांत न दिलेली ओळ त्यांना कुणीतरी दिली होती. त्यांनी मान हलवली आणि पुढची पेन्सिल घेतली.

तेव्हापासून दर बैठकीची सुरुवात तशीच व्हायची. पहिला विषय, प्रलंबित ठराव. काम चालू आहे, थांबा. वाघचौरे मान हलवायचे, मग आम्ही पुढे जायचो. मला ते फार आवडायचं. महिनाभर बँकेत कितीही कटकटी झाल्या तरी त्या एका वाक्यासाठी मी शनिवारची वाट बघायचे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग एकेकाची मशीनं जायला लागली. जगच बदललं, ते सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यात आधी रंगनाथनच्या टायर कंपनीचं गेलं. त्यानं आम्हाला पेढे दिले, कारण काय द्यावं ते त्याला सुचलं नाही. नंतर शेजवलकरांचं गेलं. ते शनिवारी आले, बसले नाहीत, उभे राहिले.

"नियमाप्रमाणे सांगतो," ते म्हणाले, "आमचं मशीन काल बंद झालं. माझ्याच ठरावानुसार मी इथं बसू शकत नाही."

"तो ठराव अजून पक्का नाही," खांबेटे म्हणाले.

"मग मी राजीनामा देतो."

"तुम्ही तयार म्हटलंय. अधांतरी असताना जागा सोडता येत नाही. बसा शेजवलकर."

शेजवलकर बसले. बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी रुमालानं डोळे पुसले. कुणी तिकडे पाहिलं नाही. रंगनाथननं मला विचारलं, साबुदाणा वडे सांगायचे का, आणि मी सांगितले.

माझ्या बँकेचं मशीन सगळ्यात शेवटी गेलं. तेव्हा मी काही जाहीर केलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

आता कुणाच्याच साइटवर मेरिडॉन नव्हतं आणि तरी आम्ही तिसऱ्या शनिवारी जमायचो. बोलायला विषय कमी पडायचे नाहीत. एखाद्या जुन्या बिघाडाचं खरं कारण काय असावं यावर दोनदोन तास वाद व्हायचे. त्या बिघाडाचं मशीन केव्हाच वितळवून त्याच्या खिडक्यांच्या जाळ्या झाल्या असतील.

खांबेटे गेले ते एका पावसाळ्यात, झोपेत. आजारी वगैरे नव्हते. त्यांच्या मुलीनं मला फोन केला. पुढच्या शनिवारी आम्ही चित्रकलेच्या वर्गात जमलो. दोन मिनिटं उभं राहिलो. अध्यक्षांची जागा सचिवानं घ्यायची असा नियम, म्हणून मी बाईंच्या खुर्चीत बसले. समोर विषयपत्रिका होती. पहिला विषय मी सवयीनं लिहून आणला होता. तो वाचावा की नाही ते मला कळेना.

"आता कुणाला विचारायचं?" रंगनाथन म्हणाला.

शेजवलकरांनी घसा साफ केला. "याचं उत्तर आहे. विचारणारा कायमचा गेला आणि निकालाची नोंद कुठं नाही, तर काय धरायचं? मेरिडॉन काय धरतं?"

"मागे," दोघंतिघं एकदम म्हणाले.

"म्हणजे माझा ठराव मागे गेला. म्हणजे तो मी कधी मांडलाच नव्हता." शेजवलकरांचा आवाज हलका झाला होता. ते वळले. "वाघचौरे, तुमचं नाव कधी निघालंच नव्हतं."

आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं. खांबेट्यांनी जाता जाता सुद्धा नियम न मोडता काम केलं असं माझ्या मनात आलं. वाघचौरेंनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. ते आता बरेच म्हातारे दिसायला लागले होते.

"म्हणजे सुटलं," ते म्हणाले.

"सुटलं."

"जागा मोकळी?"

"मोकळी. का?"

"मग मी संगमनेरला जाऊ शकतो."

कुणाला काही समजलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, ते नेहमी समजावायचे तसं, सावकाश. मुलाचं घर होऊन कैक वर्षं झाली. खालची खोली तशीच आहे. नातवंडं मोठी झाली. बायको सहा महिने तिकडे राहायची, सहा महिने इकडे यायची, आणि दर वेळी विचारायची, आता काय राहिलंय तुमचं पुण्यात? दोन वर्षांपासून तिला इथले जिने चढवत नाहीत, म्हणून ती येतही नाही.

"तुम्ही आम्हाला बोलला नाहीत," मी म्हणाले.

"बोललो होतो. पहिल्याच दिवशी. उत्तर आलं की जातो म्हणालो होतो."

"आम्हाला वाटलं, गंमत करताय."

"तयार म्हटलं होतं," वाघचौरे म्हणाले. "तयार म्हटल्यावर जागा सोडून कसं जाणार? आणि सर दर महिन्याला सांगायचे ना, काम चालू आहे, थांबा. ते सांगायचे म्हणून थांबणं सोपं जायचं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. मला रडू आलं, आणि खांबेट्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही, कारण त्या एका वाक्यासाठी मी महिनाभर वाट बघायचे. शेजवलकर खाली मान घालून बसले होते.

"रीतसर करू," वाघचौरे म्हणाले. "मी जातो असा ठराव घ्या. तुम्ही विचारा मॅडम."

मी ठराव मांडला. तोंडीच. दत्तात्रय वाघचौरे ग्रुप सोडून संगमनेरला राहायला जातील.

"रंगनाथन?"

"तयार," रंगनाथन म्हणाला. या वेळी हसला नाही.

मी एकेकाला विचारत गेले. एका नाहीचं तर काम होतं, आणि या वेळी डायरीत टिपायला समोर कुणी बसलेलं नव्हतं. शेजवलकरांपाशी आले. त्यांनी रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. मला वाटलं, ते नाही म्हणणार. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं.

"मला नकोय," शेजवलकर म्हणाले. "पण तयार."

वाघचौरेंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी.

"वाघचौरे?"

"तयार."

मी स्वतः शेवटी, मनातल्या मनात, तयार म्हणाले. आता पक्कं म्हणायचं माझ्याकडे होतं. मला बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. खांबेट्यांसारखं, पक्कं म्हटल्यानं माझं अध्यक्षपद जाणार नव्हतं. पण तोंडातून शब्द निघेना. वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला समोरच्या फळ्यावर मुलींनी काढलेलं सुरईचं चित्र तेवढं दिसत होतं.

वाघचौरे उठले होते. छत्री घेऊन दारापर्यंत गेले, आणि तिथून वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "थांबू का?"

व्हरांड्यातून कपांचा आवाज आला.

"काम चालू आहे," मी म्हणाले. "थांबा."

ते परत आले, आपल्या स्टुलावर बसले, छत्री पायाशी ठेवली. चहा आला. त्यांनी एक घोट घेतला, डबा पुढ्यात ओढला आणि उरलेल्या पेन्सिलींना टोकं काढायला लागले. मी माझा कप जितका सावकाश पिता येईल तितका सावकाश प्याले. गाळच उरला तेव्हा कप खाली ठेवला आणि पक्कं म्हणाले.